मेगावॅटच्या गप्पा आणि साठ मीटर वायर

मार्च 2025 मध्ये चीनच्या बीवायडी कंपनीने जाहीर केलं, की आमची नवी गाडी पाच मिनिटं चार्ज करा आणि चारशे किलोमीटर जा. चार्जर एक हजार किलोवॅटचा, म्हणजे एक मेगावॅट. बातमी घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली. खाली ठरलेल्या प्रतिक्रिया आल्या: ‘पेट्रोलचे दिवस भरले’, ‘मी कधीपासून सांगतोय’, आणि एखाद्या मेहुण्यांचा नुसताच अंगठा. मेगावॅट म्हणजे किती, हे कोणी विचारलं नाही. सोसायटीच्या कोपऱ्यात जाळीआड जी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, गुणगुणत असते, ती बहुधा 315 केव्हीएची, म्हणजे ढोबळमानाने फार तर तेवढ्याच किलोवॅटची. तशा तीन एका गाडीला जुंपल्या तरी मेगावॅट भरत नाही. त्या पाच मिनिटांत लिफ्टमध्ये कोण अडकलं, हे मग नंतर शोधायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपला प्रश्न मेगावॅटचा नाहीच. आपला प्रश्न मीटर रूमपासून पार्किंगमधल्या खांबापर्यंतच्या साठ मीटर वायरचा आहे. बॅटरीवाल्यांनी लिथियमला वठणीवर आणलं, पण ही साठ मीटर वायर वार्षिक सर्वसाधारण सभेतून जाते आणि तिथे घोडं पेंड खातं.

कायदा बिचारा तुमच्या बाजूने आहे. 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारले. मागितलं तर गाडीसाठी वेगळं वीज कनेक्शन मिळतं, आणि नवीन कनेक्शन द्यायची मुदत महानगरात तीन दिवस, इतर नगरपालिका हद्दीत सात आणि खेड्यात पंधरा. तीन दिवस! सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची नोटीसच चौदा दिवसांची असते. कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब होते. तेवढ्यात वेफर्स संपतात आणि उरलेल्या सातजणांत विषय निघतो: ‘ऐनवेळचे विषय, क्रमांक चार, इलेक्ट्रिक गाडी.’

आक्षेपही ठरलेले. सेक्रेटरी म्हणतात, “साहेब, तुमच्या सोयीसाठी कॉमन मीटरचं बिल सगळ्यांनी का भरायचं?” कोणी भरायला सांगितलेलंच नसतं. मग खजिनदार मोबाइलवर जळत्या स्कूटरचा व्हिडिओ काढतात. इथे मात्र प्रामाणिक राहायला हवं. लिथियम बॅटरीने एकदा पेट घेतला की विझता विझत नाही, ही भीती खोटी नाही. पण त्याच तळघरात साठ गाड्या प्रत्येकी वीस-तीस लिटर पेट्रोल पोटात घेऊन झोपलेल्या असतात आणि त्यांच्यासाठी कोणी ना-हरकत दाखला मागत नाही. शिवाय चार्जिंगच्या बाबतीत आधी बघायची ती बॅटरी नव्हे, सॉकेट. ते का, हे सांगतोच.

गाडीबरोबर मिळणारा पोर्टेबल चार्जर सोळा अँपिअरच्या तीन पिनी सॉकेटवर चालतो आणि तासाला साधारण तीन युनिट भरतो. लोक म्हणतात, “त्याला काय होतंय, याच सॉकेटवर गीझर चालतो की!” गीझर पंधरा मिनिटं चालतो, थर्मोस्टॅट बंद करतो, सॉकेट निवतं. गाडी तेरा अँपिअर सलग सहा-सहा तास ओढते. पिन जरा सैल असेल आणि तिथे अर्धा ओहम जरी रोध, म्हणजे विजेच्या वाटेत अडथळा, आला, तरी तेराचा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे पंचाऐंशी वॅट उष्णता त्या एका भोकात. साध्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त. म्हणून चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने प्लगच्या पाठीला हात लावून बघायचा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला, किंवा एखादं भोक बिस्किटासारखं तांबूस झालेलं दिसलं, तर ते सॉकेट त्याच दिवशी बदला आणि शक्यतो निळं इंडस्ट्रियल सॉकेट लावा. एक्स्टेन्शन बोर्डाचं नावही काढू नका. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून गुंडाळी सोडून खाली गाडी चार्ज करणारे महाभाग आहेत. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते, एवढं जरी त्यांना कळलं तरी पुष्कळ.

दुसरी हौस म्हणजे भिंतीवरचा 7.2 किलोवॅटचा चार्जर. शोरूममधला मुलगा तो आग्रहाने गळ्यात मारतो. तो 32 अँपिअर ओढतो आणि मग वायरचा हिशेब बदलतो. इलेक्ट्रिशियन चार चौरस मिलिमीटरची वायर घेऊन येतो, कारण ती त्याच्या गाडीत पडलेली असते. तिला घरी पाठवा. सहा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरवर साठ मीटर अंतरात जाऊन-येऊन बारा व्होल्ट गळतात. दहाच्या वायरवर साताच्या आसपास. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज आधीच रडत असतं, त्यात बारा गेले की काही चार्जर रुसून बंदच पडतात. म्हणून लांबचा पल्ला असेल तर दहाचीच घ्या, वर 40 अँपिअरचा एमसीबी (जादा करंट तोडणारा) आणि 30 मिलिअँपिअरचा टाइप ‘ए’ आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा), फक्त गाडीसाठी. दुकानदार टाइप ‘एसी’ देईल आणि “सेमच आहे” म्हणेल. सेम नाही. गाडीच्या चार्जरमधून डीसीचा अंश असलेली गळती येऊ शकते आणि ती त्या स्वस्तातल्याला नीट दिसत नाही.

आणि हे सगळं कशासाठी? शहरात रोज चाळीस किलोमीटर गाडी फिरली तर सहा-सात युनिट लागतात. साधं, पण नीट लावलेलं सोळाचं सॉकेट ते सव्वादोन तासांत भरतं. उरलेली रात्र गाडी उगाच उभी असते. सात किलोवॅटसाठी सभेत घसा कोरडा करणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे तीन किलोवॅटचं सॉकेट पुरतं. हे मी सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. शेजाऱ्याने सात घेतलेलं असतं ना.

आता अर्थिंग. पोर्टेबल चार्जरच्या डबीवर लाल दिवा लुकलुकायला लागला की दहातल्या निम्म्या वेळा तरी कारण हेच. जुन्या इमारतीत मिठा-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा बिल्डरने खणलेला असतो. नंतर त्यावर कोणीतरी फरश्या बसवतो, मग झेंडूच्या कुंड्या ठेवतो. मे महिन्यात माती सुकली की रोध वाढतो. फरशी उचलून खड्ड्यात दोन बादल्या पाणी घातलं आणि लाल दिवा हिरवा झाला, तर निदान पक्कं समजा. उपाय मात्र नवा इलेक्ट्रोड ठोकणं हाच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटरने मोजा, दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. इथे एक ‘जुगाड’ निघतो आणि तो ऐकला की माझं डोकं फिरतं. इलेक्ट्रिशियन सॉकेटच्या आत न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला एक छोटा तुकडा जोडतो. दिवा हिरवा, गिऱ्हाईक खूश, तीनशे रुपये खिशात. पुढे कधी न्यूट्रल तुटला तर गाडीच्या अख्ख्या पत्र्यात करंट येतो आणि दार उघडायला जो हात लावतो त्याला तो भेटतो. डबी लाल दिवा दाखवत होती ती तुमच्या जिवासाठी. तिला गप्प करायचे पैसे कसले देता?

बिलाचं थोडक्यात. घरच्याच मीटरवरून वायर ओढली तर महावितरणचे टप्पे आडवे येतात: शंभरपर्यंत, तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत आणि त्यावर. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे दीडशे युनिट, आणि ती नेमकी वरच्या, महाग टप्प्यात जाऊन बसतात. वेगळं कनेक्शन घेतलं तर ही टप्प्यांची कटकट नाही. स्थिर आकार येतो, तेव्हा महिन्याचं रनिंग धरून आधी आकडेमोड करा. सरकारचीही गंमत बघा: गाडीवर जीएसटी 5 टक्के, बाहेरच्या चार्जिंगवर 18. घोडा स्वस्त, चारा महाग.

बाहेर पडलात की रेंजची भानगड. पुण्यात वेताळ टेकडीच्या कुशीत एआरएआय ही गाड्यांची चाचणी घेणारी संस्था आहे. गाडीचा प्रमाणित आकडा तिथल्या रोलरवर निघतो. टाटाच्या एकाच नेक्सॉन ईव्ही 45 साठी प्रमाणित रेंज 489 किलोमीटर आणि कंपनी स्वतःच प्रत्यक्षात 350 ते 370 मिळेल म्हणते. दुसरा आकडा छापला हे चांगलंच झालं, पण होर्डिंगवर मोठ्या टायपात कोणता असतो ते सांगायला नको. घाटाची भीती मात्र फुकटची. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साधारण साडेपाचशे मीटर चढ. माणसांसकट सतराशे किलोची गाडी एवढी वर न्यायला शास्त्राप्रमाणे अडीच युनिट जास्त लागतात, नुकसान धरून तीन. म्हणजे वीस किलोमीटरचा फटका. उतरताना त्यातलं बरंचसं ब्रेकिंगमधून परत येतं, फक्त लोणावळ्यात बॅटरी शंभर टक्के भरून घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते.

हायवेवरच्या चार्जरपाशी पोचल्यावर आधी मोबाइलला रेंज आहे का बघा, कारण प्रत्येक चार्जरचं वेगळं अ‍ॅप, वेगळं वॉलेट आणि वेगळा ओटीपी. मशीन मेल्यासारखं दिसलं तर माघारी फिरण्याआधी लाल इमर्जन्सी बटण तपासा. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना ते दाबल्याशिवाय राहवत नाही. बाणाच्या दिशेने पिळलं की ते उसळून वर येतं आणि मिनिटा-दोन मिनिटांत मशीन जागं होतं. साठ किलोवॅटच्या मशीनला दोन गन (गाडीत खोचायची केबलची टोकं) असतील आणि शेजारी आधीच गाडी लागलेली असेल, तर बहुधा तुमच्या वाट्याला तीसच येणार. गन निघत नसेल तर ओढाताण नको: आधी चार्जिंग थांबवा, मग गाडी अनलॉक करा, मग काढा. तरीही अडली तर बॉनेटखाली किंवा डिकीत सोडवणीची दोरी असते; ती कुठे आहे ते निघण्याआधी पुस्तिकेत बघून ठेवा.

आणि ऐंशी टक्क्यांनंतर जागा सोडा. तिथून पुढे बॅटरी स्वतःला जपायला करंट कमी घेते; शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या पन्नासाइतका वेळ लागू शकतो. पण चौऱ्याऐंशीवर गाडी लावून आत एसीत बसलेल्या माणसाच्या काचेवर टकटक करून “दादा, अजून किती वेळ?” असं विचारून बघा. उत्तर टक्क्यांत येतं, मिनिटांत कधीच येत नाही.