नियम पाळा, प्रेक्षक टाळा

आपण नवी मराठी वाहिनी काढत आहात, याबद्दल प्रथम अभिनंदन. उपग्रह, परवाना, केबलवाल्यांची मनधरणी आणि निवेदकांचे कोट यांची व्यवस्था झाली असेलच; परंतु एका बाबीकडे नवख्या वाहिनीप्रमुखांचे हमखास दुर्लक्ष होते आणि मग कुणी अर्ज घेऊन दारात उभे राहिले की धांदल उडते. ती बाब म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही किंवा दिसत नाही असे प्रेक्षक. २०११ च्या जनगणनेने देशात श्रवणदोष असलेली सुमारे ५० लाख आणि दृष्टिदोष असलेली जवळपास तेवढीच माणसे मोजून ठेवली आहेत. आकडा पाहून दचकू नका. त्यांच्यापर्यंत काहीही न पोहोचवता नियम पाळता येतात.

कायदा मात्र एकदा वाचून ठेवा, म्हणजे तो कुठे टाळायचा हे कळते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या ४२ व्या कलमात ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा आणि सबटायटल्स यांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनिक माध्यमे दिव्यांगांना उपलब्ध करून देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. कलम स्पष्ट आहे, म्हणून तिथे फार रेंगाळू नये. माहिती व प्रसारण मंत्रालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये काढलेल्या मानकांकडे वळावे. ही मानके केवळ कर्णबधिरांसाठी असल्यामुळे अंध प्रेक्षकांचा प्रश्न शीर्षकातच निकालात निघाला. सुरुवातीला वृत्तवाहिनीने दिवसातून किमान एक बातमीपत्र आणि इतर वाहिन्यांनी आठवड्यातून किमान एक कार्यक्रम सुगम, म्हणजे कर्णबधिरांना समजेल असा, करावा, एवढीच अपेक्षा होती. शिवाय थेट प्रक्षेपणाला सूट, जाहिरातींना सूट, आणि वर्षभरातला सरासरी प्रेक्षकवाटा एक टक्क्याहून कमी असलेल्या वाहिनीलाही सूट. आपली वाहिनी चालली नाही तर हा एक फायदा पदरात पडेलच.

चाललीच, तर ते एक बातमीपत्र दुपारी उरकावे. याला परंपरेचा आधार आहे. दूरदर्शनने १९८७ मध्ये कर्णबधिरांसाठी बातम्या सुरू केल्या आणि त्या बरीच वर्षे आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, लागत असत. आमच्या पिढीतील ऐकू येणारी मुले प्रादेशिक चित्रपटाची वाट पाहत त्या हातवाऱ्यांची नक्कल करीत, आणि बाकीचे सहा दिवस कर्णबधिरांच्या जगात काही घडत नसावे, असे आम्हाला खरोखरच वाटे. दुभाष्याला पडद्याच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत बसवावे. सांकेतिक भाषेत चेहऱ्यावरचे भाव हा व्याकरणाचाच भाग असतो, त्यामुळे चेहरा दिसणार नाही इतकी चौकट लहान ठेवली की निम्मे काम होते. उरलेले निम्मे वाहिनीचे बोधचिन्ह, सोन्याचा भाव आणि खालून धावणारी पट्टी हातांवर आणून करता येते.

थेट बातम्यांना मिळालेल्या सवलतीचे मोल मात्र महापुराच्या दिवसांत कळते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली होती आणि ही मानके त्यानंतरच्याच महिन्यात आली. तरीही त्यांत थेट बातम्या वगळलेल्या आहेत, यावरून आपली यंत्रणा अनुभवाने विचलित होत नाही हे दिसते. पूर नेहमी थेटच येतो. तेव्हा आपला प्रतिनिधी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून काय ओरडतो आहे ते कर्णबधिराला कळणार नाही, आणि धरणातून किती विसर्ग सुरू आहे हे केवळ पट्टीवर लिहिलेले असल्यामुळे ते अंधाला कळणार नाही. अंधाचे समाधान व्हावे म्हणून निवेदकाने दर पाच मिनिटांनी भारदस्त आवाजात सांगावे, ‘मदतीसाठी पडद्यावर दिसणाऱ्या क्रमांकावर संपर्क साधा.’

मनोरंजन वाहिनी काढणार असाल तर ध्वनिवर्णनाचा धोका वेळीच ओळखा. दोन संवादांमधल्या मोकळ्या जागेत पडद्यावर काय घडते आहे ते एका आवाजाने थोडक्यात सांगणे, एवढाच हा प्रकार. त्यात खरी अडचण असते ती मोकळी जागा मिळण्याची. आपल्याकडे सुनेच्या हातून आरतीचे तबक पडले की कॅमेरा सासू, नणंद, जाऊ आणि मेली असे समजून जिचे तेरावेही उरकले होते ती दारातली आत्याबाई, अशा चौघींच्या चेहऱ्यांवर तीन-तीनदा जातो. तेवढ्या अवधीत वर्णनकाराला निरांजनातल्या वातीसुद्धा मोजून सांगता येतील. म्हणून ती जागा ढोल आणि विजेच्या कडकडाटाने तातडीने भरून टाका. अंध प्रेक्षकाला बारा वेळा ‘धडाम’ ऐकू येईल. तबक पडले, आत्याबाई आल्या की छत कोसळले, हे त्याने शेजारच्याला विचारावे आणि शेजारच्याने ‘थांब जरा, आत्ताच तर महत्त्वाचं चाललंय’ म्हणून त्याला गप्प करावे.

सबटायटल्स फार खर्चिक असतात, असे सर्वत्र सांगावे, पण जरा हळू आवाजात. कारण मालिका मोबाइलच्या ॲपवर चढवताना तिच्याखाली इंग्रजी ओळी अनेकदा विनातक्रार येतात. मराठी माध्यमाच्या कर्णबधिर शाळेत शिकलेल्या मुलीला हवी असलेली मराठी ओळ तेवढी येत नाही, आणि ती तर संवादलेखकाने चित्रीकरणापूर्वीच टंकून दिलेली असते. अहमदाबादच्या आयआयएममध्ये प्राध्यापक राहिलेले ब्रिज कोठारी १९९६ पासून ज्या भाषेतले गाणे त्याच भाषेतली ओळ पडद्यावर दाखवा म्हणत आहेत, कारण त्यामुळे ऐकू येणाऱ्यांचेही वाचन सुधारते. हे आपल्या कार्यालयात कुणाला सांगू नये.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम ऐच्छिक असून चालणार नाही, असे म्हणून केंद्राला बंधनकारक नियम करण्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. अशा बातमीने अस्वस्थ वाटल्यास समिती नेमावी, तीत एकही दिव्यांग व्यक्ती घेऊ नये, आणि ३ डिसेंबरला, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनी, एका अंध गायकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. सत्काराचे प्रक्षेपण थेट करावे, म्हणजे तेही सवलतीत बसते.

एवढे करूनही कुणी हटकले तर मागणीच नाही, असे उत्तर द्यावे. त्यासाठी पुरावा लागेल. कर्णबधिरांना तक्रार नोंदवता यावी म्हणून एक दूरध्वनी क्रमांक जाहीर करा. अंधांसाठी संकेतस्थळावर अर्ज ठेवा, आणि तो पाठवण्यापूर्वी चित्रातील वाकडी अक्षरे ओळखून लिहिण्याची अट घाला. मग वर्षअखेरच्या अहवालात ‘प्राप्त तक्रारी’ या रकान्यात शून्य लिहून खाली सही करा.