पाण्यावर पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांसाठी थोडे मार्गदर्शन

मानवशास्त्रात नाव कमवायचे असेल, तर कुलदैवते आणि लग्नसंबंध यांत वर्षे घालवू नयेत. सरळ पाणी धरावे आणि बेळगाव गाठावे. चंदगडच्या सीमेलगतचे राकसकोप धरण, घटप्रभेवरचे हिडकल धरण, जागतिक बँकेच्या कर्जातून २००८ साली निवडक भागांत सुरू झालेला चोवीस तास पाण्याचा प्रयोग आणि त्या भागांबाहेर वर्षानुवर्षे वाट पाहणारे नळ, हे सारे एकाच शहरात मिळते. शिवाय सीमाप्रश्न फुकट.

मुलाखतीसाठी नळाला पाणी येण्याचीच वेळ निवडावी.

कणकुंबीला एक चक्कर मारावी. मलप्रभेचा उगम तेथेच आणि म्हादईचे पाणी वळवण्यासाठी खणलेला कळसा कालवाही तेथेच. म्हादई पाणीतंटा लवादाने २०१८ साली कळसा-भांडुरा प्रकल्पासाठी कर्नाटकाला ३.९ टीएमसी पाणी दिले, एवढे प्रस्तावनेत आले की परीक्षक खूश होतात. अथणी-चिकोडीकडे उन्हाळ्यात कृष्णा आटली की कोयनेच्या पाण्यासाठी महाराष्ट्राची मनधरणी होते आणि पावसाळ्यात त्याच कृष्णेच्या पुरावरून अलमट्टीच्या नावाने भांडण जुंपते. त्यावर कोणालाही न कळणारी एक संज्ञा बसवावी. पुढची नोकरी तिच्यावरच मिळते.

सर्वांत महत्त्वाचे, व्हॉल्व्हमनशी दोस्ती करावी. कार्यालयातल्या नकाशावर नसलेल्या जोडण्या त्याला पाठ असतात. आमच्या गल्लीत आलेल्या संशोधकाने हे अचूक हेरले होते. निवृत्तीला टेकलेल्या आमच्या व्हॉल्व्हमनला त्याने चहाला बसवले आणि त्याच्याकडून वहीच्या पानावर सगळी गल्ली काढून घेतली: कोणता व्हॉल्व्ह किती फेरे फिरवायचा, जुनी बिडाची पाइप कोठे वळते, वरच्या अंगाच्या घरांना पाणी चढावे म्हणून खालचा व्हॉल्व्ह आधी का आवळायचा. ‘अहवालाची प्रत नक्की पाठवतो, काका,’ असे सांगून तो गेला. काका निवृत्त झाले आणि पुढे वारलेही. मग काँक्रीटचा रस्ता झाला आणि व्हॉल्व्ह त्याखाली गाडले गेले. गेल्या महिन्यात पाइप फुटली, तेव्हा कंत्राटदाराची माणसे व्हॉल्व्ह शोधत नवा रस्ता जागोजागी फोडत होती, आम्ही टँकरमागे धावत होतो आणि पाणी गटारात चालले होते. त्याच आठवड्यात माझ्या पुतण्याला इंटरनेटवर त्या संशोधकाचा लेख सापडला. सारांशात लिहिले होते की व्हॉल्व्हमनने स्वहस्ते काढलेला नकाशा लेखात प्रथमच प्रसिद्ध होत आहे. तो पाहायचा असेल तर डॉलर मोजा!

लेखाखालच्या आभारांत आमच्या गल्लीला ‘उदार समुदाय’ म्हटले आहे. अहो, कसला उदार? पाणी जायची वेळ झाली असताना भरायचे सोडून बायका तुमच्या प्रश्नांना उत्तरे देत बसल्या, त्या दिवशी घरी पिंपे अर्धीच राहिली. तुम्हाला प्राध्यापकी मिळाली, परिषदांना विमानाने जाता, आमच्या तहानेवर व्याख्याने देता, आणि एका कागदाचा फोटो पाठवायला तुम्हाला सवड नाही? मी तीनदा ईमेल केला, साधी पोचही नाही. तुमची संज्ञा तुम्हालाच लखलाभ होवो. काकांच्या हातचा तो नकाशा तेवढा पाठवा, आणि तो गल्लीच्या नावाने पाठवा. रस्ता अजून उकरलेलाच आहे.