फूल माझं, काटाही माझाच

सकाळी साडेसहाला बेल वाजली. दारात तळमजल्यावरचे नाना. डाव्या हातात पूजेच्या फुलांची पिशवी आणि उजव्या हाताची तर्जनी अशी वर, की सोसायटीच्या सभेत मुद्दाच मांडायचाय.

"चिमटा आहे का हो? तुमच्या झाडाला काटे आहेत."

मी त्यांच्या खांद्यावरून जिन्याच्या कठड्याकडे पाहिलं. कुंडी होती. कॅक्टस होता. फूल नव्हतं.

या फुलासाठी मी चार वर्षं थांबले होते. या कॅक्टसचं नाव एकिनॉप्सिस, म्हणजे ग्रीकमध्ये हेजहॉग या काटेरी अंगाच्या छोट्या प्राण्यासारखा दिसणारा. दक्षिण अमेरिकेतलं हे झाड माझ्याकडे आल्यापासून नुसती पिल्लं घालत होतं. दोष माझाच. लाडानं शेणखत आणि पाणी देत राहिले, आणि हे बेटं उपाशी ठेवल्याशिवाय फुलत नाही. यंदा कुंडीत वाळू आणि विटांचे तुकडे घातले, नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी तोडलं. सासूबाई दया येऊन चोरून तांदळाचं धुवण घालायच्या, त्यांच्यावर पाळत ठेवली. एप्रिलमध्ये अंगातून एक करडी, केसाळ कळी निघाली, अगदी उंदराच्या शेपटीसारखी. बघता बघता वीतभर झाली. काल रात्री उमलली. फिकट गुलाबी, माझ्या पंजाएवढी. हे फूल रात्रीपुरतंच. सकाळी ऊन चढलं की मान टाकतं. मोबाइलची बॅटरी चार टक्के होती. म्हटलं, फोटो पहाटे काढू.

"नाना, ते फूल..."

"सुरेख आहे हो! आज सोमवार, महादेवाला वाहतो."

मी भुवयांचा चिमटा आणला, चष्मा लावला आणि माझ्या चोराचं बोट हातात घेऊन उजेडाकडे धरलं.

"हळू! आई गं! असली झाडं दारात ठेवू नयेत. काटेरी झाडानं घरात कटकट होते."

"होते खरी," मी म्हणाले. "मग तुमचं ब्रह्मकमळ?"

"त्याचं काय?"

नानांचं ब्रह्मकमळ हा आमच्या सोसायटीचा वार्षिक उत्सव. रात्री अकराला सगळ्यांना बोलावतात, मसाला दूध देतात, आरती करतात. मीही गेल्या वर्षी टाळ्या वाजवल्यात.

"तेही निवडुंगच. मेक्सिकोकडचं. खरं ब्रह्मकमळ हिमालयात असतं."

नानांनी बोट झटकन ओढून घेतलं. काटा अर्धा आत राहिला. "आमच्याला एकही काटा नाही!"

"काटे नसले तरी कूळ तेच."

"आता आमचं कूळ काढा सकाळी सकाळी!"

पुन्हा बोट पुढे आलं, कारण दुखत होतं. काटा निघाला. नानांनी तो माझ्या तळहातावर ठेवला, हरवलेली वस्तू परत करावी तसा, आणि पिशवी सांभाळत खाली उतरले.

मला एक कळत नाही. देवाला दुसऱ्याच्याच झाडाचं फूल का लागतं? पहाटे पिशव्या आणि आकड्या घेऊन निघणारी ही माणसं शेजारणीच्या दोरीवरची ओढणी नेणार नाहीत, मुलाला परक्याच्या झाडाची कैरी पाडू देणार नाहीत. पण कुंपणाबाहेर डोकावलेलं जास्वंद? ते देवाचं. त्याला पाणी घातलं कोणी, ते देवानंही कधी विचारलं नाही. मला याचा खरंच राग येतो, आणि तो दाखवला की मीच नास्तिक ठरते.

नऊ वाजता निर्लज्जासारखी नानांच्या देवघरात दर्शनाला गेले. पिंडीवर माझं फूल, वर हळदकुंकू. फोटो काढला. त्यात निम्म्याहून जास्त समईच आली. दुपारी फूल निर्माल्यात गेलं.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली. 'एका ज्येष्ठ सभासदास इजा झाल्याने जिन्यातील काटेरी कुंड्या दोन दिवसांत हलवाव्यात.' कॅक्टसला अजून दोन कळ्या आहेत.

सूचनेखाली सर्वांत आधी नानांचा अंगठा होता. काटा तर्जनीत गेला होता ना.