मांडवातली औषधपेटी आणि आमच्या आयोवातलं बिंगो कार्ड

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सध्या राजकारण बंद आहे, म्हणजे विषय किती पेटलाय ते समजून घ्या. झालं असं की मिरजेतल्या एका गणेश मंडळाने यंदा मांडवात निर्माल्य कलशाच्या शेजारी एक पेटी ठेवली, वर फ्लेक्स, "घरात उरलेली औषधे येथे जमा करा, गरजू रुग्णांपर्यंत पोहोचवू". ग्रुपवर फोटो पडला, नेहमीप्रमाणे स्तुत्य उपक्रम, हात जोडलेले, अंगठे वगैरे. मग आमचा एक मित्र, जो तिथेच जनरल प्रॅक्टिस करतो, त्याने एकच प्रश्न टाकला, "मंडळात फार्मसिस्ट कोण आहे?" आणि तिथून जी जुंपली ती अजून चालू आहे. तुम्हा डॉक्टर लोकांना धंदा बुडेल म्हणून पोटात दुखतं इथपर्यंत मजल गेली. शेवटी कुणीतरी मला टॅग केलं, "तू सांग रे, अमेरिकेत तर हे सरकारच करतं ना?"

करतं. म्हणजे काही ठिकाणी करतं, आणि योगायोगाने मी राहतो त्या आयोवा राज्यात चांगलं करतं. पण ते "तिकडे बघा" म्हणून इकडे दाखवण्याआधी तिकडे नक्की काय होतं ते सांगितलं पाहिजे, कारण व्हॉट्सॅपवर अर्धवट अमेरिका फार फिरते.

इथे डे मॉइनला सेफनेटआरएक्स नावाची ना-नफा संस्था आहे, राज्याच्या निधीवर २००७ पासून औषधदानाचा कार्यक्रम चालवते. ज्याचं उत्पन्न कमी, विमा नाही किंवा असून नसल्यासारखा, त्याला डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध मिळतं. आमच्या मराठी मंडळातल्या एक वहिनी अशाच एका दानाच्या फार्मसीत टेक्निशियन आहेत, त्यांना खोदून खोदून विचारलं की बाई तुमच्याकडे माल येतो कुठून. तर बहुतेक माल येतो नर्सिंग होममधून. इकडचं नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं बाळंतपणाचं नव्हे, वृद्धांचं. तिथे गोळ्या पुठ्ठ्याच्या कार्डावर येतात, तीस गोळ्या, तीस फुगे, मागून फॉइल, बिंगोच्या तिकिटासारखं दिसतं म्हणून नावही बिंगो कार्ड. आजोबा वारले, किंवा डॉक्टरने डोस बदलला, की कार्डावर अठरा गोळ्या शिल्लक, जशाच्या तशा सीलबंद. औषध देणाऱ्या फार्मसीला ती सहसा परत घेता येत नाहीत. अशा गोळ्या इथे वर्षानुवर्षं सर्रास संडासात ओतल्या गेल्यात, शेवटी २०१९ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण खात्याने दवाखाने आणि नर्सिंग होमना घातक औषधं ड्रेनमध्ये सोडायला मनाई केली. तर ही कार्डं खोक्यात भरून येतात, वहिनी आधी पेशंटचं नाव काळ्या मार्करने खोडतात, मग बॅच, एक्स्पायरी, फुगा फुटलाय का, फॉइल उचकटलंय का, मग फार्मसिस्ट बघतो, मगच कपाटात. झोपेच्या, गुंगीच्या, नशेच्या यादीतल्या गोळ्या साधारणपणे घेतच नाहीत. ओक्लाहोमात टल्साला तर निवृत्त डॉक्टर मंडळी स्वतःच्या गाड्या घेऊन नर्सिंग होम्स फिरतात आणि खोकी गोळा करून काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या) फार्मसीत नेऊन देतात, हे मला फारच आवडलं, आपल्याकडे निवृत्त डॉक्टरांची कमी आहे का?

आता हेही सांगतो की असे कायदे इथे चाळीसएक राज्यांत आहेत आणि त्यातले बरेच नुसते कागदावर आहेत. कायदा झाला, फार्मसी कुणी चालवायची आणि फार्मसिस्टचा पगार कुणी द्यायचा हे ठरलं नाही, विषय संपला. जिथे चालतं तिथे पगार दिला जातो म्हणून चालतं.

आणि माझ्या घरात उरलेल्या गोळ्या? त्या बहुतेक ठिकाणी कुणी घेत नाही. कारण इथे दुकानदार मोठ्या डब्यातून गोळ्या मोजून नारिंगी बाटलीत घालून देतो, सील नाही, त्यात काय घातलं काय काढलं कुणाला माहीत. त्या बाटल्या पोलीस स्टेशनच्या ड्रॉप बॉक्समध्ये टाकायच्या, नाहीतर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये टेक बॅक डे, म्हणजे उरलेली औषधं परत घेण्याचा दिवस असतो तेव्हा द्यायच्या, ते सगळं भट्टीत जातं. म्हणजे ज्या अमेरिकेचा दाखला ग्रुपवर दिला जातोय तिथे घरगुती पेटीतला माल मुख्यतः जाळायचा असतो.

गंमत बघा, यात आपण पुढे आहोत. आपली स्ट्रिप! प्रत्येक गोळी आपापल्या कप्प्यात बंद, बॅच नंबर, तारीख, कंपनी सगळं छापलेलं. दानाला याहून चांगलं पॅकिंग नाही. पण आपण काय करतो, कात्री लावतो. सहा गोळ्या हव्यात म्हणून दहाची स्ट्रिप कापली की तारीख एका तुकड्यावर आणि गोळ्या दुसऱ्या तुकड्यावर. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ मध्ये हा विषय काढला होता, की स्ट्रिपला तुकडे पाडायला छिद्रं द्या आणि प्रत्येक तुकड्यावर तारीख येऊ द्या. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड बंधनकारक झाला, तो झाला, ही छिद्रं मात्र अजून माझ्या आईच्या गोळ्यांवर तरी आलेली नाहीत.

मांडवातल्या पेटीकडे परत येतो, कारण आमच्या डॉक्टरने तिसऱ्या दिवशी पेटी उघडून फोटोच टाकला. अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या पाचातल्या दोन गोळ्या. तारीख कापलेली पॅरासिटामॉल. डोळ्यांचे ड्रॉप्स, उघडलेले. लहान मुलांचं पाणी घालून हलवलेलं अँटिबायोटिक सिरप, जे आठवड्यात संपवायचं असतं. इन्सुलिनचं पेन, भर उकाड्यात, मांडवात, ढोलताशाच्या शेजारी. साबुदाण्याच्या गोळ्यांची एक बाटली, वर चिठ्ठी नाही. आणि अर्धा डबा प्रोटीन पावडर, ती कुणाच्या भल्यासाठी दिली देव जाणे.

त्या दोन अझिथ्रोमायसिनकडे नीट बघा. त्या उरल्या कशा? तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून कोर्स सोडला म्हणून. आता त्याच दोन कुणा गरिबाला मिळणार, त्याला पाच हव्यात, म्हणजे त्याचाही कोर्स अर्धाच होणार. पहिल्या घरातला अर्धवट उपचार दुसऱ्या घरात पोचवायचा, याला दान म्हणायला माझी जीभ रेटत नाही. उन्हाळ्याचंही तसंच, बऱ्याच स्ट्रिपवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा लिहिलेलं असतं, थायरॉइडच्या गोळीला तर उष्णता आणि दमट हवा दोन्ही चालत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात काय तापमान असतं ते सांगायला नको. इथे घराघरात एसी असून उघडलेली बाटली घेत नाहीत.

कायद्याचंही आहेच. १९४० चा आपला औषध कायदा नुसत्या विक्रीला नाही, वाटपालाही लायसन्स मागतो. २०२१ च्या कोविडच्या लाटेत फाबीफ्लू या कोविडच्या गोळीच्या साठ्यावरून दिल्लीत प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं होतं, आठवत असेल, तिथेही वाटणारे म्हणत होते आम्ही सेवा करतोय. त्याच वेळी मुंबईत मेड्स फॉर मोअर म्हणून डॉक्टर जोडप्याने बऱ्या झालेल्या पेशंटची उरलेली कोविडची औषधं सोसायट्यांमधून गोळा केली, तिथे निदान मध्ये डॉक्टर होते. आणि दिल्लीचे मेडिसिन बाबा ओंकारनाथ शर्मा, भगवा शर्ट, त्यावर फोन नंबर, दारोदार फिरून औषधं मागणारे, त्यांच्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही. २००८ मध्ये लक्ष्मीनगरला मेट्रोचा पूल पडला, जखमींची औषधावाचूनची दशा बघून या माणसाने पायपीट सुरू केली. पण एका माणसाच्या तळमळीवर राज्याची सिस्टीम उभी राहत नाही, एवढंच.

ग्रुपवर दुसरी बाजूही आहे आणि ती मला जास्त पटते. एक मैत्रीण सिव्हिलमध्ये नर्स होती, ती म्हणाली पेट्या कसल्या ठेवताय, सरकारी दवाखान्यात "बाहेरून आणा" ची चिठ्ठी मिळते त्याबद्दल बोला. खरं आहे. तमिळनाडूने नव्वदच्या दशकात औषध खरेदीचं वेगळं महामंडळ काढलं, राजस्थानने २०११ मध्ये मोफत औषध योजना आणली, आपण महाराष्ट्रात ही खरेदी हाफकिन या सरकारी संस्थेकडून काढून २०२३ मध्ये स्वतंत्र खरेदी प्राधिकरण केलं, म्हणजे किती उशिरा ते बघा. आणि महात्मा फुले योजना चांगली, पण ती ॲडमिट झाल्यावरची, बीपी-शुगरची रोजची गोळी त्यात बसत नाही.

अमेरिकेला दानाची एवढी गरज का पडते तेही बोललं पाहिजे. रक्त पातळ करणारं एलिक्विस, म्हणजे अपिक्साबॅन, इथे २०२४ मध्ये महिन्याला छापील किंमत पाचशे डॉलरच्या वर होती. जेनेरिकला मंजुरी २०१९ मध्येच मिळाली, पण कोर्टकज्ज्यांमुळे ते २०२८ पर्यंत बाजारात येत नाही. भारतात ते जेनेरिक मिळतंय. मग इथे मेलेल्या माणसाच्या कार्डावरच्या अठरा गोळ्यांना सोन्याचा भाव येणारच, आणि वहिनींसारख्या बाईला त्या पुसून-तपासून जिवंत माणसाला द्याव्या लागणारच. आपण हा प्रश्न दुसऱ्या टोकाने बराच सोडवलाय. २०१२ मध्ये किडनी आणि लिव्हर कॅन्सरच्या नेक्सावरसाठी हैदराबादच्या नॅटकोला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्या कंपनीची संमती नसतानाही औषध बनवण्याची मुभा दिली, महिन्याचे २ लाख ८० हजार होते ते ८,८८० वर आले. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने ४० औषधांची एकत्र घासाघीस केली, १,३०० कोटींहून जास्त वाचले. मांडवातल्या किती पेट्या भरल्या म्हणजे एवढे होतील?

बरं, आमच्या इथल्या मंडळींनाही एक सांगून ठेवतो. दरवर्षी कुणीतरी सुचवतं की आपल्याकडच्या उरलेल्या औषधांची बॅग भरून गावच्या कॅम्पला पाठवू. नको. १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा जगभरातून ५,००० टन औषधं आणि सामान येऊन पडलं, त्यात काय आहे हे नुसतं कळायला ५० माणसांना सहा महिने लागले. त्यातूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये नियम काढले आणि त्यात स्पष्ट म्हटलंय, पेशंटने परत केलेली औषधं आणि फुकटची सॅम्पल्स पाठवू नका, आणि पोचताना मुदत किमान वर्षभर शिल्लक हवी. शिवाय दम्याच्या औषधावर इथे अल्ब्युटेरॉल लिहिलेलं असतं, जतच्या आरोग्य केंद्रात त्याला साल्ब्युटामॉल म्हणतात, तिथल्या सिस्टरने गुगल करत बसायचं का? पाठवायचेच तर पैसे पाठवा, डॉलरचे तिथे जेनेरिकमध्ये कितीतरी होतात.

म्हणून माझं मत विचाराल तर पेटी उचला, पण कल्पना फेकू नका. उरलेलं औषध घराघरातून नको, जिथे ते सीलबंद आणि माहितीतलं उरतं तिथून घ्या. कॅन्सर वॉर्डात पेशंट गेल्यावर नातेवाईक महागडी स्ट्रिप सिस्टरच्या हातात देतात, ती सिस्टर आजही गुपचूप ती पुढच्या बेडला देते, हे कुठल्याही मोठ्या दवाखान्यात विचारा. ते गुपचूप आहे ते उघड करा, रजिस्टर ठेवा, फार्मसिस्टची सही घ्या, आपल्या राज्याच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) त्यापुरती परवानगी द्यावी. आणि कोपऱ्यावरचा केमिस्ट आहेच. "कट स्ट्रिप व फ्रीजमधील औषधे परत घेतली जाणार नाहीत" अशी पाटी लावून बाकीची अख्खी स्ट्रिप ओळखीवर परत घेणारा हा माणूस इतकी वर्षं बिनबोभाट तेच करतोय.

मी हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर डॉक्टर खूश, मंडळवाले गप्प, पण आमचा एक मित्र सांगलीत औषधांचा स्टॉकिस्ट, म्हणजे घाऊक विक्रेता आहे, त्याने रात्री उशिरा व्हॉइस मेसेज पाठवला आणि मला वाटतं खरा मुद्दा त्यात आहे. म्हणाला, तुम्ही घरातल्या दोन गोळ्यांवर भांडताय, माझ्या गोडाऊनला येऊन निअर एक्स्पायरीचा माल बघा. सीलबंद पेट्या, तीन-चार महिने शिल्लक, कुणी उघडलेल्या नाहीत, गोळी उत्तम. केमिस्ट उचलत नाही. मी थांबतो, तारीख उलटू देतो, एक्स्पायरी-ब्रेकेजमध्ये कंपनीला परत पाठवतो, क्रेडिट नोट घेतो, म्हणजे पैसे खात्यावर परत मिळतात, कंपनी नेऊन जाळते. तोच माल आज सिव्हिलला दिला तर? कंपनी म्हणते दिलास तर क्रेडिट नोट नाही. वर जीएसटीत फुकट दिलेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची घेतलेली वजावट, उलटवावं लागतं, जाळलेल्या मालाला जो नियम तोच दान दिलेल्या मालाला. मग मी खिशातले घालून का देऊ, तूच सांग, म्हणाला. आणि सिव्हिलचा स्टोअरकीपर माझ्या पेट्यांवर सही करून पावती देईल का, ते आधी तुझ्या त्या नर्स मैत्रिणीला विचार.

विचारलंय. तिचं उत्तर आलं, "स्टोअरला तसा फॉर्मच नाही."