टाइप-सी आहे का?

पाहुणा चपला काढता काढता पहिलं काय विचारतो? पाणी नाही, वाय-फायचा पासवर्डही नाही. "टाइप-सी आहे का रे?" आणि ज्याच्या ड्रॉवरमध्ये गुंतवळीसारख्या 19 टाइप-सी वायरी पडल्या आहेत, तो मी गप्प बसतो. कारण याचं खरं उत्तर "आहे" असं नाहीच. खरं उत्तर "कशाला लावायचीय?" हे आहे. पण ते तोंडातून गेलं की आपण एका वायरीसाठी चौकशी आयोग नेमणारे चिकट ठरतो.

पूर्वी हा प्रश्न सोपा होता. नोकियाची जाडी पिन आणि बारीक पिन. जाडी 3.5 मिलिमीटरची, बारीक 2 मिलिमीटरची. बसली तर आपली, नाहीतर शेजारच्यांची. मग ती मायक्रो यूएसबी आली, जिला दुकानदार अजून 'व्ही-एट' म्हणतात आणि जिची सुलटी बाजू अंधारात कोणालाही सापडली नाही. पण त्या सगळ्या भोकांमध्ये एक सचोटी होती. भोक वेगळं म्हणजे काम वेगळं, वाद संपला.

2014 च्या ऑगस्टमध्ये टाइप-सीचं मानक आलं. इवल्याशा तोंडात 24 पिना, कशीही खुपसा, बसणार. युरोपने 28 डिसेंबर 2024 पासून फोन, टॅबलेट, कॅमेरे, हेडफोन यांना ती सक्तीची केली आणि लॅपटॉपना 2026 च्या एप्रिलपर्यंत मुदत दिली. आपल्या भारतीय मानक ब्यूरोनेही टाइप-सीचं मानक काढलं. लोकांना वाटलं, सुटलो. माझं मत उलटं आहे. बाहेरचा दरवाजा एक झाला, पण आत चुली वेगवेगळ्या आहेत, आणि कुठल्या चुलीवर काय शिजतंय हे दारातून दिसत नाही.

पहिली चूल करंटची. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली कुठलीही नियमात बसणारी वायर 3 अँपिअर झेपवते. 20 व्होल्टला 3 अँपिअर म्हणजे 60 वॉट. त्यापुढे, म्हणजे 5 अँपिअरला, वायरीच्या टोकात एक चिप लागते. चार्जर ओझं टाकण्याआधी त्या चिपला विचारतो, "बाई, झेपेल का?" चिप नसेल तर उत्तर येत नाही आणि चार्जर 3 अँपिअरवर थांबतो, मग तो 100 वॉटचा असो नाहीतर 140 चा. 2021 पासून ही मर्यादा 48 व्होल्ट गुणिले 5 अँपिअर, म्हणजे 240 वॉटपर्यंत गेली. 60 वाली आणि 240 वाली शेजारी ठेवा, जुळ्या बहिणी. जाडीवर तर मुळीच जाऊ नका. गोफ विणल्यासारखं कापडी वेष्टण हे दागिन्यांच्या डबीसारखं असतं. आत तांबं किती, ते डबी सांगत नाही.

दुसरी चूल माझी लाडकी, कारण तिच्यामुळे चांगली वस्तू भंगारात जाते. ट्रिमर, टॉर्च, डास मारायची बॅट, पोरांचं दिवा लागणारं खेळणं. टाइप-सीचं भोक आहे, नवाकोरा चार्जर आहे, दोन्हीकडे टाइप-सीची वायर आहे, आणि दिवाच लागत नाही. "खराब निघालं." खराब काहीही नाही. टाइप-सी चार्जर सोवळ्यातला असतो, समोर कोणी खरोखर आहे याची खूण पटल्याशिवाय तो वीज सोडतच नाही. ती खूण म्हणजे वस्तूच्या आत 5.1 किलोओहमचे दोन रेझिस्टर. किंमत पैशांत. स्वस्तातला उत्पादक तेवढे पैसे वाचवतो. मग तीच बॅट जुन्या, चपट्या मोठ्या यूएसबीच्या चार्जरला लावा, लगेच जिवंत. कारण ते जुनं भोक अन्नछत्र आहे, कोण आलं, कुठून आलं न विचारता 5 व्होल्ट वाढत राहतं. म्हणून जुना 5 व्होल्ट 2 अँपिअरचा ठोकळा आणि एका टोकाला जुनी यूएसबी असलेली वायर कधीही फेकू नका. बायको कितीही म्हणाली तरी.

आणि हे फक्त स्वस्तातल्यांचंच होतं असं नाही. 2019 मध्ये रास्पबेरी पाय 4 हा तळहाताएवढा कॉम्प्युटर बाजारात आला, जगभरच्या हौशी लोकांचा लाडका. त्यात दोन रेझिस्टरच्या जागी दोघांत मिळून एकच ठेवला होता. साध्या वायरीला तो चालायचा, लॅपटॉपची चिपवाली भारी वायर लावली की चार्जर त्याला हेडफोनचा अडॅप्टर समजून वीजच द्यायचा नाही. पुढच्या आवृत्तीत ते सुधारलं. भारी वायर म्हणून बंद आणि फडतूस म्हणून चालू, असा न्याय दुसऱ्या कुठल्या खात्यात मिळेल?

याची उलटी बाजू मात्र धोक्याची. जुन्या यूएसबीपासून टाइप-सीकडे जाणाऱ्या वायरीत 56 किलोओहमचा रेझिस्टर हवा. तिथे 10 किलोओहमचा टाकला, तर वायर फोनला खोटंच सांगते की मागे 3 अँपिअरचा पाटील बसलाय. फोन तेवढं ओढू लागतो आणि मागे असतो कॉम्प्युटरचा गरीब पोर्ट, जो तापतो किंवा मरतो. गूगलमधला इंजिनिअर बेन्सन लिउंग याने 2015 पासून अशा वायरी विकत घेऊन तपासायचा नाद घेतला. 2016 च्या सुरुवातीला एका वायरीत चक्क तारा उलट्या जोडलेल्या निघाल्या आणि त्याचा स्वतःचा लॅपटॉप गेला. या माणसाबद्दल मला भक्तिभाव आहे.

तिसरी चूल भाषेची. चार्जरवर 65 वॉट लिहिलंय, फोनच्या खोक्यावर 80 लिहिलंय, आणि जोडी जमल्यावर फोन म्हणतो 'चार्जिंग', तेही साधं. कारण एक मालवणीत बोलतोय आणि दुसऱ्याला फक्त अहिराणी येते. लॅपटॉपचा चार्जर 'पॉवर डिलिव्हरी' बोलतो, 5, 9, 15, 20 असे ठरलेले व्होल्ट. वनप्लस-ओप्पोच्या घराण्याची स्वतःची बोली आहे, 65 वॉट म्हणजे 10 व्होल्टला 6.5 अँपिअर, त्यासाठी चार्जरही त्यांचा आणि वायरही त्यांची. सॅमसंगला सुपरफास्ट हवं असेल तर चार्जरला पीपीएस यावं लागतं, ज्यात व्होल्टेज 20-20 मिलिव्होल्टने वर-खाली होतं. भाषा जुळली नाही की दोघं मोडक्यातोडक्या सामाईक बोलीवर येतात आणि फोन रात्रभर भरतो. बिघाड कोणाचाच नसतो.

म्हणून घेण्याआधी वॉट वाचू नका, ठोकळ्याच्या पाठीवरची मुंगीच्या पावलांएवढी ओळ वाचा. चष्म्याने दिसत नाही. फोनच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा करा. "आउटपुट: 5 व्होल्ट 3 अँपिअर, 9 व्होल्ट 2.22 अँपिअर" एवढंच असेल तर तो 20 वॉटचा, फोनपुरता. निन्टेन्डोचा पहिला स्विच, म्हणजे पोरांचं गेम खेळायचं यंत्र, टीव्हीला जोडून खेळायचा तर त्याच्या डॉकला, म्हणजे टीव्हीशी जोडणाऱ्या बैठकीला, 15 व्होल्ट लागतात, त्याचा मूळचा ठोकळा 15 व्होल्ट 2.6 अँपिअरचा आहे. पाठीवर 15 नाही, तर टीव्हीवर चित्र नाही. पोरगं रडतं, आपण एचडीएमआय बदलत बसतो. गेमिंग लॅपटॉपची गंमत आणखी वेगळी. टाइप-सीने 100 वॉट देतो आपण, आणि ऐन लढाईत तो 180 खातो. पडद्यावर 'चार्जिंग' आणि बॅटरी उतरतेय. पगार आला आणि शिल्लक कमी झाली, हे ज्यांना रोजचं आहे त्यांना नवल वाटणार नाही.

दोन तोंडांचा 65 वॉटचा चार्जर घेतला असेल तर दुसऱ्या तोंडाला इअरफोनची डबी लावून बघा. लॅपटॉप क्षणभर डोळे मिटतो आणि उघडतो. चार्जरने दोघांची पानं उचलून पुन्हा वाढली, 45 आणि 20 अशी. डबीला 3 वॉटही पुरले असते, पण पंगत म्हणजे पंगत.

डेटाचं थोडक्यात सांगतो, नाहीतर रक्तदाब वाढतो. खोक्यातली बहुतेक वायर मुख्यतः चार्जिंगची, यूएसबी 2.0, सेकंदाला 480 मेगाबिट. प्रत्यक्षात 35-40 मेगाबाइट. लग्नाचा 40 जीबीचा व्हिडिओ काढायला वीस मिनिटं, 10 गिगाबिटच्या वायरीने मिनिटभर. 2023 चा आयफोन 15 प्रो 10 गिगाबिटचा आहे, पण खोक्यात वायर 480 वाली. आणि नावं? 5 गिगाबिटच्या एकाच बाळाचं तीनदा बारसं झालंय: 3.0, मग 3.1 जेन 1, मग 3.2 जेन 1.

आता रोगनिदान. पहिलं बोर्डाचं बटण चालू आहे का ते बघा. हसू नका. दुसरं, वायर घुसताना 'टक' होते का? होत नसेल आणि हलवल्यावरच चार्जिंग येत असेल, तर वायर बदलू नका. पोर्टच्या मधोमध एक पातळ जीभ असते. तिच्या दोन्ही बाजूंच्या फटीत खिशातला कापूस जातो, आणि आपण रोज वायर खुपसून तो गोधडीसारखा तळाशी ठासतो. फोन बंद करा. दात कोरायची लाकडी काडी घ्या, पण ती जाड असते, म्हणून ब्लेडने टोक चपटं तासा. फट जेमतेम मिलिमीटरभर आहे. बाहेरच्या भिंतीला टेकवून तळापर्यंत न्या आणि खरवडत बाहेर ओढा, जिभेला हात लावू नका. टाचणी नको, धातू आहे. फुंकरही नको, थुंकी उडते. निघणारा बोळा बघून आपण इतके दिवस काय घेऊन हिंडत होतो याची लाज वाटेल. पोर्ट सहसा झिजत नाही. स्प्रिंग मुद्दामच वायरीच्या टोकात ठेवल्यात, म्हणजे झिजायचं ते वायरीने. मानकात हिशेब 10,000 वेळा घालण्या-काढण्याचा आहे.

त्यानेही जमलं नाही तर मीटर. इवलासा पडदा असलेला टाइप-सी मीटर मध्ये लावायचा, व्होल्ट, अँपिअर, वॉट दिसतात. एकच चार्जर, एकच फोन, बॅटरी 20 ते 50 टक्क्यांच्या मध्ये (80 च्या पुढे फोन स्वतःच हात आखडतो), मिनिटभर थांबून आकडा लिहायचा, मग फक्त वायर बदलायची. बारीक तांब्याची वायर लगेच उघडी पडते. वायरीचा रोध पाव ओहम असेल तर 2 अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच गडप, 5 चे साडेचार.

तपासलेल्या वायरींना मी इलेक्ट्रिशियनची टेप लावतो. लाल म्हणजे 5 अँपिअरची, निळी म्हणजे वेगवान डेटाची, पिवळी म्हणजे जुन्या यूएसबीची, बॅट-ट्रिमरसाठी राखीव. बिनटेपची म्हणजे पाहुण्यांची. योजना निर्दोष आहे. फक्त पाहुण्याला टेपचा अर्थ ठाऊक नसतो, त्याला लाल रंग उठून दिसतो. जाताना बॅगेत जाते ती लालच. आठवड्याने फोन येतो.

"अरे, तुझी ती वायर फालतू आहे. माझा ट्रिमर चार्जच होत नाहीये."