‘घरं उडाली आणि तुम्ही झाडं मोजत बसलात’: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

मुरबाड तालुक्यातल्या पाड्यावर झालेल्या वादळाबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. लोकांची घरं उघडी पडलेली असताना मी त्याला ‘कमकुवत टोर्नेडो’ (ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा, गरगर फिरणारा वारा) म्हटलं, हा एक. दुसरा असा की ढगातून लोंबणारी टोर्नेडोची सोंड कुणी पाहिलीच नाही, टोर्नेडो आपल्याकडे होत नाहीत, हा वळवाचा नेहमीचा वारा; ठाण्याहून कंपास घेऊन येऊन त्याला मोठं नाव कशाला द्यायचं?

पहिला आक्षेप मला लागला, कारण तो बरोबर आहे. ज्या मावशींच्या घरावर एक पत्रा उरला नाही, त्यांच्या नातवानं तो शब्द मोबाइलवर वाचून दाखवला तर त्यांना काय वाटेल, याचा विचार मी केला नव्हता. ती ओळ आज बदलली आहे.

शब्दाचा अर्थ मात्र सांगते. टोर्नेडोची ताकद ज्या ईएफ (एन्हान्स्ड फुजिता) पट्टीवर लावतात, तिची सर्वांत खालची पायरी ईएफ-० म्हणजे ताशी १०५ ते १३७ किलोमीटर वारा. नीट न आवळलेलं छप्पर उचलायला तेवढा पुरतो. शिवाय हा वेग जागेवर मोजलेला नसतो. पडझड बघून मागाहून काढलेला तो अंदाज असतो. मे महिन्यात भातखाचरं रिकामी. वारा तिथून कितीही जोरात गेला तरी मोडायला काही नाही, मग खूण कसली राहणार? त्यामुळे खेड्यात ‘कमकुवत’ याचा अर्थ बरेचदा एवढाच, की हाती लागलेला पुरावा तेवढाच होता.

आता दुसरं. दिल्लीत मार्च १९७८ मध्ये टोर्नेडो झाला होता, जलपाईगुडीत ३१ मार्च २०२४ ला. तेव्हा ‘आपल्याकडे होत नाहीत’ हे धरून चालता येत नाही. सोंड दिसली नाही हे खरंय; पाऊस आणि धुरळ्यात ती दिसेलच असंही नाही. म्हणून तर पडलेली झाडं मोजायची, कुठलं कुठल्या दिशेला पडलं ते बघायचं.

हे शास्त्र ज्यांनी उभं केलं ते तेत्सुया फुजिता १९४५ मध्ये बॉम्ब पडल्यावर हिरोशिमा-नागासाकीची पाहणी करायला गेले होते. स्फोटाखालच्या जागेपासून झाडं चहूबाजूंना बाहेर आडवी झालेली त्यांनी पाहिली. पुढे अमेरिकेत, १९७४ च्या वादळांनंतर विमानातून पाहताना जंगलात तसाच आकार दिसला, आणि ढगातून वारा सरळ खाली आदळून पसरतो हे त्यांच्या ध्यानात आलं. तुम्ही म्हणता तो वळवाचा वारा बहुतेकदा असाच, पंख्यासारखा बाहेर पसरणारा.

पाड्यावर उलटं होतं. ओढ्याच्या उत्तरेकडची ऐनाची झाडं नैर्ऋत्येला पडली होती, दक्षिणेकडचे साग उत्तरेला. दोन्हीकडचे शेंडे मधल्या पट्ट्याकडे, म्हणजे वारा बाहेर पसरला नव्हता, फिरत आत ओढत होता. तो पट्टा माझ्या पावलांनी जेमतेम पन्नास पावलं रुंद होता, आणि त्याच्या बाहेर शेजारच्या घराचं एक कौल हललेलं नव्हतं. मावशींच्या भिंतींवर पेंढा आणि चिखल उडाला होता, तोही पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या अशा दोन्ही भिंतींवर, म्हणजे वाऱ्याची दिशा फिरली होती. एक मोठा आंबा मी हिशेबात धरलाच नाही. बुंधा वाळवीनं पोखरलेला होता, तो साध्या वाऱ्यानंही गेला असता.

‘पंचनामा झाला होता, मग तुमची गरज काय?’ असंही तुम्ही विचारलंत. पंचनाम्यात किती पत्रे गेले ते येतं आणि भरपाईला तेच लागतं. पत्रा कुठल्या दिशेला किती लांब गेला हे त्यात नसतं. ते टिकतही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोकांनी निम्मी लाकडं तोडून रचली होती, आणि त्यांनी ते करायलाच हवं. मी टेप धरला तेव्हा दुसरं टोक मावशींनीच धरलं. म्हणाल्या, “आमचं आढं कुठं जाऊन पडलं, तेबी लिवा.” लिहिलं. एकतीस मीटर. त्या घराचे हुक वाश्यातून उपसले नव्हते. पत्र्याची भोकंच फाटून लांबट झाली होती, कारण हुकाखाली वायसर (वॉशर, म्हणजे चकती) नव्हते. नवे पत्रे घालताना मोठे वायसर घाला, एवढं सांगून आले.

तुम्ही किन्हवलीचे. सरळगावकडे जाणं झालं, तर ओढ्यापलीकडे जरूर थांबा. लाकूड गेलं असलं तरी उपटलेल्या मुळांचे खड्डे पावसाळ्यापर्यंत तसेच राहतील. कडेची माती कुठल्या बाजूला दाबली गेलीय ते बघा, झाड कुठे पडलं ते त्यावरून कळतं. माझ्या नोंदीशी जुळलं नाही, तर इथेच कळवा. ते मी लेखात घालेन.