सीएचएक्यू शून्य म्हणजे पोरगं ठणठणीत? नाही हो
परवापासून पालकांच्या ग्रुपवर फिरतंय की जेआयए (लहान मुलांचा सांध्यांच्या सुजेचा आजार) असलेल्या मुलाचा सीएचएक्यू (रोजची कामं किती जमतात ते विचारणारा फॉर्म) स्कोअर 0 आला म्हणजे क्वालिटी ऑफ लाइफ एकदम मस्त. अर्धवट आहे हे. तो फॉर्म मागच्या आठवड्यात कपडे घालणं, जेवणं, चालणं, पकड अशी 8 प्रकारची कामं कितपत जमली ते बघतो, 0 ते 3 मध्ये, कमी तेवढं चांगलं. पण शाळा बुडते, पीटीला बाजूला बसवतात, इंजेक्शनच्या दिवशी रडारड, हे त्यात कुठंय? त्यासाठी क्वालिटी ऑफ लाइफ मोजणारा पेड्सक्यूएलसारखा वेगळा फॉर्म असतो, त्यात 0 ते 100 आणि तिथं उलटं, जास्त तेवढं चांगलं (इथेच गोंधळ होतो सगळ्यांचा), आणि साधारण 5 वर्षांपासून मुलाला स्वतःलाच विचारतात, कारण आईबाबांची उत्तरं बऱ्याचदा वेगळी निघतात.